भारती शिपयार्ड

भारती शिपयार्ड : रत्नागिरी शहरालगत मिऱ्या येथे मुख्य यार्ड असलेली खाजगी जहाजबांधणी कंपनी. खरगपूरच्या आय.आय.टी.तून नौकास्थापत्य शिकलेले पी. सी. कपूर आणि विजय कुमार हे तिचे संस्थापक. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या या कंपनीने पुढे ‘भारती डिफेन्स अँड इन्फ्रास्ट्रक्चर’ असे नाव घेतले. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने तिच्या परिसमापनाचा आदेश दिला. रत्नागिरीकर मात्र तिला शेवटपर्यंत नुसते ‘भारती’ म्हणत.

या किनाऱ्याला जहाजबांधणी नवी नव्हती. मराठा आरमाराची गुराबे आणि गलबते विजयदुर्गाच्या आश्रयाने बांधली व दुरुस्त केली जात. वाघोटण खाडीतील गोदीचे अवशेष आजही पाहायला मिळतात. (विजयदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता.) मच्छीमारीसाठी लाकडी नौका बांधणारे सुतार कोकणातल्या खाड्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण पोलादी जहाज हा वेगळा धंदा. त्याला वेल्डर, फिटर, पाइप आणि विजेचे काम जाणणारे कारागीर लागतात, वर्गीकरण संस्थेच्या निरीक्षकाची प्रत्येक टप्प्यावर संमती लागते, आणि या सगळ्याआधी दीर्घ मुदतीचे भांडवल लागते. पहिल्या दोन गोष्टी भारतीने रत्नागिरीत उभ्या केल्या. तिसरीने तिचा घात केला.

कंपनीचा विस्तार रत्नागिरीपुरता राहिला नाही. ठाण्याजवळ घोडबंदर, गोवा, कोलकाता, दाभोळ आणि मंगळूर येथेही तिची यार्डे झाली. टग, मालवाहू जहाजे आणि विशेषतः समुद्रातील तेलक्षेत्राला सेवा देणारी जहाजे, म्हणजे तेलफलाटांना सामान पोहोचवणारी, रिग ओढून नेणारी, नांगर टाकणारी-उचलणारी जहाजे, ही तिची ओळख. युरोपातले जहाजमालकही तिच्याकडे मागणी नोंदवू लागले. डिसेंबर २००४ मध्ये समभाग विकून कंपनी शेअर बाजारात आली. तटरक्षक दलासाठी १५ जलदगती इंटरसेप्टर बोटींच्या मालिकेचे कामही तिला मिळाले.

या भरभराटीमागे सरकारी अनुदानाचा मोठा वाटा होता. समुद्रगामी जहाजांच्या किमतीवर ३० टक्के अनुदान देणारी केंद्राची योजना आधी सरकारी यार्डांपुरती होती. २००२ पासून ती खाजगी यार्डांनाही लागू झाली. कोरिया आणि चीनमधील यार्डांशी भावात टक्कर द्यायची तर हा आधार आवश्यक होता, कारण मुख्य इंजिनापासून दिशादर्शक यंत्रणेपर्यंत महागडा भाग बाहेरून येई आणि त्यावर व्याजाचा चढा दर बसे. १४ ऑगस्ट २००७ रोजी योजनेची मुदत संपली. जुन्या करारांवरचे अनुदानही हातात पडायला वेळ लागे. ताळेबंदात ते येणे म्हणून दिसे, बँकेचे व्याज मात्र रोखीने भरावे लागे.

इथे या धंद्याचा हिशेब समजून घ्यायला हवा. जहाजाची किंमत ग्राहक टप्प्याटप्प्याने देतो : करारावर सही, पोलाद कापणे, कणा बसवणे, जलावतरण, ताबा. त्याच्या आगाऊ रकमेपोटी यार्डाच्या बँकेला परतफेडीची हमी द्यावी लागते. जहाज ठरल्या मुदतीत झाले नाही आणि ग्राहकाने करार रद्द केला, तर घेतलेले पैसे व्याजासह परत करायचे. अर्धवट सांगाडा तोपर्यंत स्लिपवे अडवून बसलेला असतो. त्याला गिऱ्हाईक नसते आणि तो हलल्याशिवाय पुढचे जहाज सुरू होत नाही. बाजार तेजीत असताना कोणी करार मोडत नाही. मंदीत मात्र ताबा द्यायला करारातल्या मर्यादेपलीकडे झालेला उशीर ग्राहकाला पुरतो.

जुलै २००८ मध्ये पिंपामागे १४७ डॉलरला पोहोचलेले खनिज तेल त्याच वर्षाअखेर ४० डॉलरच्या खाली आले. तेलक्षेत्राच्या जहाजांची मागणी आटली. याच वेळी भारतीने आपल्या इतिहासातला सर्वांत धाडसी, आणि प्रस्तुत नोंदकाराच्या मते सर्वांत घातक, निर्णय घेतला. तिची ग्राहक असलेली ग्रेट ऑफशोअर ही तेलक्षेत्र-सेवा कंपनी अडचणीत होती. प्रवर्तकाने कर्जापोटी तारण ठेवलेले समभाग २००९ मध्ये भारतीच्या हाती आले आणि पुढे उरलेल्या भागधारकांसाठी तिने खुला देकार काढला. गुजरातेतील एबीजी शिपयार्ड स्पर्धेत उतरली. प्रतिसमभाग ३४४ रुपयांपासून सुरू झालेली बोली वाढत वाढत ५९० रुपयांवर गेली, तेव्हा एबीजीने माघार घेतली. वृत्तपत्रांनी भारतीला विजेती ठरवले. कर्ज काढून, उतरत्या बाजारात, चढ्या भावाने विकत घेतलेली ही कंपनी स्वतःही कर्जाच्या ओझ्याखाली होती. आपल्याच ग्राहकाला विकत घेतल्याने भारतीचे काम हमखास राहील हा हिशेब होता; ग्राहकाकडेच पैसा नसेल तर तो जहाजे मागवणार कशी, याचे उत्तर त्यात नव्हते. सुमारे याच काळात तिने कर्नाटकातील मालपे येथे यार्ड असलेली टेब्मा शिपयार्ड्स ही कंपनीही ताब्यात घेतली.

२०१२ मध्ये बँकांनी कर्जाची फेररचना केली. ती पुरली नाही. २०१४ मध्ये बँकांनी आपले बरेचसे कर्ज एडलवाइस मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकले, आणि त्याच वर्षी तेलाचे भाव पुन्हा कोसळले. जून २०१७ मध्ये नव्या दिवाळखोरी संहितेखाली प्रकरण न्यायाधिकरणापुढे दाखल झाले. एडलवाइसची पुनरुज्जीवन योजना पीठाने नाकारली आणि परिसमापनाचा मार्ग उरला. या कायद्यानुसार परिसमापनापूर्वीच्या २४ महिन्यांतील कामगारांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने धरली जातात. पण मालमत्ता विकली जाऊन पैसा येईपर्यंत वर्षे जातात, आणि वेल्डरचे पोट तेवढे थांबत नाही; हाताला कसब असलेला माणूस काम असेल त्या गावी निघून जातो.

हे दुर्दैव एकट्या भारतीचे नव्हते. बोलीत हरलेली एबीजी २०१७ मध्येच दिवाळखोरीत गेली आणि २०२२ मध्ये सी.बी.आय.ने तिच्यावर २२,८४२ कोटी रुपयांच्या बँक फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. पिपावाव येथील यार्डही दिवाळखोरीच्या वाटेने गेले. त्याच काळात माझगाव डॉक आणि गोवा शिपयार्ड ही सरकारी यार्डे नौदल व तटरक्षक दलाच्या मोठ्या कामांवर टिकली, वाढली. परदेशातही चित्र फार निराळे नाही. कॅनडात क्वेबेक प्रांतातील १८२५ पासूनचे डेव्ही यार्ड २०१० मध्ये दिवाळखोरी संरक्षणाखाली गेले होते. मालक बदलले, आणि २०२३ मध्ये सरकारच्या राष्ट्रीय जहाजबांधणी धोरणात स्थान मिळाल्यावर त्याला बर्फभेदी जहाजांच्या कामाची खात्री लाभली.

भारतात नवे अर्थसाहाय्य धोरण डिसेंबर २०१५ मध्ये मंजूर झाले. दर २० टक्के, आणि दर तीन वर्षांनी त्यात घट. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मान्य केली. तोवर भारतीची मालमत्ता परिसमापकाच्या हाती जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. टेब्माचे नशीब मात्र उघडले : २०२० मध्ये सरकारी कोचीन शिपयार्डने ती घेतली, तिचे ‘उडुपी कोचीन शिपयार्ड’ झाले, आणि तिला नॉर्वेच्या विल्सन कंपनीकडून ३,८०० टनी मालवाहू जहाजांची मागणी मिळाली.