उष्टावण आणि पुण्याची मंडई

अंगावर पिणाऱ्या मुलाला प्रथम अन्न चाटवण्याच्या संस्काराला धर्मग्रंथांत अन्नप्राशन म्हटले आहे. महाराष्ट्रातील घरांत तोच विधी उष्टावण म्हणून ओळखला जातो. आश्वलायन गृह्यसूत्राने त्यासाठी सहावा महिना सांगितला असून दही, मध आणि तूप मिसळलेले अन्न मुलाला द्यावे असे म्हटले आहे. बालकांच्या आरोग्यावरील आयुर्वेदीय ग्रंथ असलेल्या काश्यपसंहितेने मात्र सहाव्या महिन्यात फळे आणि धान्याचे अन्न त्यानंतर काही महिन्यांनी, असा निराळा क्रम लावला आहे. पुढे रूढीने मुलासाठी सम आणि मुलीसाठी विषम महिना धरला, आणि मामाने मुलाला मांडीवर घेऊन सोन्याच्या अंगठीने खीर चाटवण्याची पद्धत मराठी घरांत स्थिरावली. ग्रंथांनी मुहूर्त, मंत्र आणि पहिला घास यांची तपशीलवार नोंद ठेवली, परंतु दुसऱ्या दिवसापासून मूल घरचे जेवण जेवू लागेपर्यंतच्या कित्येक महिन्यांविषयी ते फारसे बोलत नाहीत. हा काळ बायकांच्या हातात होता, आणि पुण्यात त्याची सामग्री पुरवणारी जागा म्हणजे मंडई व तिच्या भोवतीच्या पेठा.

पूर्वी शनिवारवाड्यापुढील मोकळ्या जागेत भरणारा भाजीबाजार छपराखाली आणण्यासाठी नगरपालिकेने शुक्रवार पेठेत मोठी दगडी इमारत बांधली आणि 1886 मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती खुली झाली. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाकडे वळावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव मिळाले.

मंडईच्या गाळ्यांवरचा लाल भोपळा, गाजर, रताळे आणि केळी, आसपासच्या दुकानांतील तांदूळ, मूग व नाचणी, आणि तुळशीबागेच्या भांडीबाजारातील चमचा-वाटी यांतून बाळाचे जेवण उभे राहत असे. आरंभी भाताची पेज आणि वरणावरचे पाणी, मग तूप घालून कालवलेला मऊ भात, त्यानंतर तांदूळ व मूग भाजून दळलेल्या भरडीची खिमट, म्हणजे सरसरीत शिजवलेली पातळ खिचडी, आणि दात येऊ लागले की मेतकूटभात, अशा पायऱ्यांनी पोट अन्नाला सरावत जाई. नाचणीचे सत्त्व हा या परंपरेतील सर्वांत बुद्धिमान पदार्थ म्हटला पाहिजे. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की धान्यातील पिष्टमय पदार्थ फोडणारी द्रव्ये जागी होतात. त्यामुळे त्या पिठाची लापशी फारशी घट्ट होत नाही आणि तेवढ्याच वाटीत अधिक पीठ, म्हणजे अधिक पोषण, मुलाच्या पोटात जाते. रसायनशास्त्राचे नाव न घेता हे ज्ञान स्वयंपाकघरात पिढ्यानपिढ्या टिकले. तेच सत्त्व वस्त्रगाळ करताना नाचणीच्या सालीतील कॅल्शियमचा मोठा भाग मात्र फडक्यावर राहून जाई.

परंपरेतील प्रत्येक गोष्ट निर्दोष नव्हती आणि तसे मानणे त्या बायकांच्या ज्ञानाचा गौरवही ठरणार नाही. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारी बाळगुटी, म्हणजे वेखंड, हिरडा, सुंठ, जायफळ, मुरुडशेंग यांसारखी द्रव्ये सहाणेवर उगाळून दिलेले चाटण, जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत सुरू होई. आज बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही देऊ नये असे सांगतात, आणि गृह्यसूत्रातील मध तर जिवाणूंच्या विषबाधेच्या धोक्यामुळे वर्षभर वर्ज्य मानतात.

विसाव्या शतकात डब्यांतील तयार बालान्न आले आणि घरच्या भरडीला कमीपणा आला. त्याच्या जाहिरातींना आवर घालण्यासाठी भारताने 1992 मध्ये कायदा केला आणि 2003 मध्ये तो अधिक कडक करून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अन्नाच्या जाहिरातींवर बंदी घातली. दरम्यान 2001 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सहा महिने निव्वळ स्तनपान आणि नंतर दूध चालू ठेवून पूरक आहार, असा ठराव केला. मंडईतील घाऊक व्यापार गुलटेकडीला गेला असला तरी किरकोळ भाजीचे गाळे अजून भरतात. ज्या घरांत भरडीचे प्रमाण आणि मोड आणण्याची रीत माहीत असलेली आजी आहे, त्या घरांनी ते आजच लिहून ठेवावे, कारण उष्टावणाच्या इतिहासाचा हा भाग कोणत्याही ग्रंथात नीट सापडणार नाही.