काट्याची साक्ष

जुन्या मोटारीतील पेट्रोलचा काटा बिघडला, म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली असूनही तो शून्यावर पडून राहतो, किंवा टाकी कोरडी पडत आली असताना भरलेपणाची ग्वाही देतो. अशा वेळी काटाच बदलून टाकावा असे मालकाच्या मनात येणे स्वाभाविक असले, तरी या उपकरणाचा पूर्वेतिहास ज्याला ठाऊक आहे तो अशी घाई करणार नाही. काटा हा साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष टाकीपासून किती हातांतून त्याच्यापर्यंत पोहोचते हे पाहिल्यावाचून त्याला गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे होय.

आरंभी असा मध्यस्थच नव्हता. 1908 ते 1927 या काळात अमेरिकेत निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीची टाकी बहुतेक नमुन्यांत पुढील आसनाखाली असे. गादी उचलावी, झाकण काढावे, खुणांची लाकडी पट्टी तळापर्यंत सोडावी आणि ओली रेघ सुकण्यापूर्वी शिल्लक वाचावी, असा रिवाज होता. पुढच्या ‘मॉडेल ए’मध्ये टाकी चालकासमोरच आली आणि तीत तरंगणारे बूच दर्शनी फळीवरील काचेमागचे आकडे फिरवू लागले, मात्र ते बूच पेट्रोल पिऊन जड झाले, की भरल्या टाकीचा हिशेबही तुटीचा दिसे. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलमध्ये तर 1961 पर्यंत काटा नसे. इंजिन आचके देऊ लागले, की पायाजवळचा खटका फिरवून राखीव साठा खुला करावयाचा.

टाकी मागे गेली तेव्हा तरंगता फ्लोट आणि काटा यांच्यामध्ये वीज आली. फ्लोटची दांडी रोधक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते, प्रवाह कमी-अधिक होतो आणि तेवढ्यावरून काटा आपली जबानी देतो. इंग्लंडच्या स्मिथ्स कंपनीच्या जुन्या काट्यांत दोन विद्युत्-गुंडाळ्या त्याला परस्परविरुद्ध दिशांना ओढीत. 1960 नंतरच्या दशकात त्यांची जागा तापून वाकणाऱ्या द्विधातू पट्टीने घेतली, आणि तिला सुमारे 10 व्होल्टचा स्थिर दाब पुरविणारी डबी वेगळी बसविण्यात आली.

दोषाचा तपास हीच वाट उलट्या दिशेने चालतो. नव्या धाटणीत पेट्रोलचा व तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच वेळी बहकले, तर प्रथम त्या डबीकडे पाहावे. पेट्रोलचाच काटा चुकत असेल, तर टाकीवरील फ्लोटची तार सोडवावी: स्मिथ्सचा जुना काटा भरलेपणाकडे झेप घेतो, द्विधातूचा हळूहळू रिकामेपणाकडे उतरतो, तार क्षणभर गाडीच्या सांगाड्याला टेकविली, की दोघेही उलट वागतात. काट्याने हे हुकूम पाळले, तर तो आणि तार दोन्ही निर्दोष ठरतात, आणि फिर्याद टाकीकडे वर्ग होते. तेथेही आधी अर्थिंग तपासावे, कारण गंजलेल्या जोडावर प्रवाह अडतो. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेल्या जुन्या फियाट गाड्यांतही साक्षीची साखळी फ्लोट, तार आणि काटा अशीच आहे.

अखेरीस, बॅटरी सुटी करून आणि आगीचा लवलेशही जवळ नाही अशी खात्री करून घेऊन, फ्लोट बाहेर काढावा लागतो. पितळी फ्लोट कानाशी धरून हलविला, आणि आत पेट्रोल खळखळले, तर त्याला भेग पडली आहे व तो बुडू लागला आहे असे समजावे; तो कोरडा असेल, तर दांडीच्या टोकाने वर्षानुवर्षे घासून झिजविलेली रोधक तार पाहावी. दुरुस्तीनंतर जाणता मेकॅनिक टाकीत मापाने थोडे थोडे पेट्रोल ओततो आणि दर मापागणिक काट्यावर नजर ठेवतो. त्याच्या हातातील ते माप म्हणजे ‘मॉडेल टी’च्या लाकडी पट्टीचेच वंशज, एवढ्या मध्यस्थांनंतरही काट्याची साक्ष ग्राह्य ठरते ती प्रत्यक्ष पेट्रोलाशी ताडून पाहिल्यावरच.