मुलखाची राखण

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आळीतल्या मुलांनी अंगणात किल्ला केला. हळीव उगवून आला, मावळे पहाऱ्यावर उभे राहिले. एका चिमुरडीने मला विचारले, "गुरुजी, महाराज गेल्यावर आपल्या मुलखाची राखण कोणी केली?" मास्तरकीत केस पिकू लागले, तरी उत्तर चटकन सुचेना. मग आजीच्या तोंडचे एक नाव आठवले : तुफान सेना.

वाचकहो, आजच्या सांगली जिल्ह्यातला बराचसा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. सप्टेंबर १९४२ मध्ये इथली माणसे रिकाम्या हातांनी मोर्चे घेऊन सरकारी कचेऱ्यांवर गेली. ३ तारखेला तासगावची कचेरी नमली; पण ९ ला वडूजला आणि १० ला इस्लामपुरात गोळ्या सुटल्या, माणसे पडली. मोर्च्यांचे दिवस सरले हे ओळखून कार्यकर्ते भूमिगत झाले.

एवढ्यात दुसरेच संकट उभे राहिले. पोलीस क्रांतिकारकांच्या मागे लागलेले, त्यामुळे दरोडेखोरांना रान मोकळे. काही तर क्रांतीचे नाव सांगून घरे फोडू लागले. गरिबाने दाद कोणाकडे मागावी? इंग्रजांशी लढायला निघालेल्यांना आता गावाची राखणही करणे भाग पडले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने ते काम अंगावर घेतले. १९४३ मध्ये कुंडलला जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सोबत्यांनी तुफान सेना उभारली. कवायत सुरू झाली, शिस्त आली. कुंडल औंध संस्थानात असल्याने इंग्रजी हद्दीतून तिकडे सरकणे सोयीचे होते. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी आगगाडी लुटली; १४ एप्रिल १९४४ ला थेट धुळ्याकडे जाऊन खजिना आणला. इकडे गावोगाव न्यायदान मंडळे भांडणे मिटवीत, कर्ज टाळून साधी 'गांधी लग्ने' लागत.

गुन्हेगाराच्या तळपायांवर मात्र काठ्या बसत. लोक 'पत्री सरकार' म्हणू लागले, आणि त्या नावाचा धाक पसरला. आमच्या आजीच्या गल्लीतला एक जण जन्मभर लंगडत होता. आजी म्हणे, "चोर हुता खरा. पर त्याच्या बायकूचं रडणं अजून माझ्या कानांत हाय." दंड देणाऱ्याचा हात चुकला तर त्याला कोणी आवरायचे? हा प्रश्न आजीने मला दिला. तो अजून सुटलेला नाही.

१९४६ मध्ये मुंबईत लोकांचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे उठली, नाना पाटील उजळ माथ्याने लोकांत आले. प्रतिसरकारचा कारभार थांबला. चार वर्षे ज्यांच्या शब्दाने गावे चालली, त्यांनी तो अधिकार खाली ठेवला. मला त्यांच्या साऱ्या पराक्रमांत हा सर्वांत अवघड वाटतो.

चिमुरडीला मी एवढेच सांगितले. तुमच्या घरी त्या काळची कोणी आजी असेल, तर पणत्या शांत होण्याआधी तिच्याजवळ बसा आणि विचारून घ्या.