शिरोलीची गाडी: एसटी, केएमटी आणि वडाप

शिरोली एमआयडीसीत कामाला जायचं म्हटलं की आपल्यासमोर एसटी, केएमटी आणि वडाप असे तीन पर्याय असतात. या तिघांच्या चढाओढीचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत, कारण तिची किंमत शेवटी आपल्याच पर्समधून जाते.

ही चढाओढ जुनी आहे. एसटीच्या आधी खासगी सर्व्हिस मोटारी धावायच्या. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही, आणि वाटेतला पॅसेंजर आधी कोण उचलतो यावर शर्यत लागायची. 1939च्या मोटार वाहन कायद्यानं परवान्याची शिस्त आणली. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. सरकारी गाडीमागचा विचार साधा होता: भरल्या मार्गाच्या कमाईतून रिकाम्या मार्गाची गाडी चालवायची. कोल्हापूर शहरासाठी आणि भोवतालच्या गावांसाठी महापालिकेची केएमटी आली.

वडापचं गणित उलटं. गर्दीच्या वेळी हात केला की ते थांबतं, पण पॅसेंजर नसले की दिसत नाही. सरकारी गाडीची गर्दीच्या वेळची कमाई त्यानं खाल्ली, की तोट्याची फेरी चालवायला पैसा उरत नाही. ती फेरी बंद होते, आणि अंधार पडल्यावर सुटणारी बाई सांगली फाट्यावर उभी राहते.

कोरोनानं हे आणखी बिघडवलं. मार्च 2020 मध्ये गाड्या थांबल्या. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात एसटी सुरू झाली ती 20 ऑगस्टला. पुढे 2021च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप झाला, तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. त्या काळात सरकारनंच खासगी बसना प्रवासी नेण्याची परवानगी दिली. इतके महिने एसटी नसली की माणूस दुसरी सोय शोधतो, कुणी दुचाकी घेतो, कुणी वडाप ठरवून टाकतो. गेलेला पॅसेंजर परत आणणं सोपं नसतं.

मग 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. थांब्यावर पुन्हा गर्दी दिसू लागली. पण ही सवलत एसटीची. वडापला पूर्ण भाडंच द्यावं लागतं. केएमटी ही वेगळी संस्था, आणि शिरोली महापालिकेच्या हद्दीबाहेर. इथल्या फेरीचा तोटा शहरानं का सोसायचा, हा प्रश्न म्हणूनच निघतो.

तेव्हा मैत्रिणींनो, अर्ध्या तिकिटाचा उपयोग पाळी सुटताना गाडी असेल तरच. वडापवाल्याशी आमचं भांडण नाही, तोही पोटासाठीच धावतो. पण कोणत्या वेळी किती बायका थांब्यावर असतात, हे पंधरा दिवस वहीत लिहा. ती वही आणि सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज घेऊन एसटीच्या आगार व्यवस्थापकांकडे आणि केएमटीच्या कार्यालयात जा. अर्जाची एक प्रत ग्रामपंचायतीतही द्या. फेरी मागताना आकडे हातात असलेले बरे.