कुर्डुवाडीचा कारखाना

कुर्डुवाडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला जंक्शन आठवतं. आम्हा माढा तालुक्यातल्या लोकांना आठवतो तो कारखाना. रेल्वेच्या कागदावर तो वर्कशॉप. पण आमच्याकडं "अमक्याचं पोरगं कारखान्यात लागलं" असं कुणी म्हणालं तर ऐकणारा समजून जायचा की पोरगं रेल्वेत लागलं, आता घरावर पत्रे येणार आणि पोरीवाले दारात येणार. आता तालुक्यात साखरेचे कारखाने झाले, त्यामुळं नव्या पोरांना हे सांगावं लागतं.

आमचे थोरले चुलते, तात्या, तिथं होते. आधी खलाशी, मग बॉयलरवर. घरात बारा एकर कोरडवाहू आणि तीन भाऊ. त्यातला एक जण इंग्रजांनी बांधलेल्या कारखान्यात लोखंड ठोकायला गेला म्हणून बाकीचे दोघं शेती धरून राहू शकले. हा हिशोब आमच्या एकट्या घरचा नाही. कुर्डुवाडीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कितीतरी घरं अशीच उभी राहिली.

आता हा कारखाना इथं माळावर का आला, त्याची गोष्ट. मुंबईहून निघालेली मोठी रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली, पण बार्शीला बाजूला टाकून गेली. बार्शी म्हणजे कापसाची आणि भुसाराची मोठी पेठ. तिथला माल वीस-बावीस मैल बैलगाडीनं आणून रेल्वेवर चढवायचा. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी हाकली असेल त्याला हे वीस मैल काय असतात ते कळंल. मोठ्या लाईनीवरच्या त्या स्टेशनाचं नावसुद्धा 'बार्शी रोड' होतं. तेच पुढं कुर्डुवाडी झालं.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर होता. आधी तो जीआयपी रेल्वेत नोकरीला होता. त्यानं कंपनी काढली आणि १८९७ साली बार्शी ते कुर्डुवाडी छोटी रेल्वे सुरू केली. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. हीच आपली बार्शी लाईट. तिचा फाटा १९०६ ला पंढरपूरला गेला, दुसरा निजामाच्या मुलखात १९११ ला लातूरला पोचला आणि १९२७ ला पंढरपूरची लाईन मिरजेला भिडली. सगळी मिळून २०२ मैल. (हाच कॅलथ्रॉप पुढं विमानातून उडी मारायच्या छत्रीच्या मागं लागला. आमच्या भागात त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पुतळा तर लांबच.)

या माणसाची अक्कल बैलगाडी हाकणाऱ्याला चटकन समजेल अशी होती. गाडीत माल किती यापेक्षा एका आखावर भार किती पडतो, त्यावर चाक रुतायचं का नाही ते ठरतं. त्यानं नियमच केला की इंजिन असो नाहीतर डबा, एका आखावर पाच टनांच्या वर भार जायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च कमी होतो. पण इंजिन तर दणकट पाहिजे. म्हणून त्याला चाकं जास्ती लावली. लीड्सच्या किटसन कारखान्यातनं पहिली पाच इंजिनं आली, ती तीसेक टनांची होती आणि भार सहा आखांवर वाटलेला होता. तात्या म्हणायचे, "वजन वाटलं की वझं वाटत न्हाय." शेतकरी घरात तीन भावांनी तेच केलं होतं, पण ते त्यांच्या मनात नसावं. ते इंजिनाबद्दलच बोलत होते.

इंजिन जास्त चाकांचं म्हणजे दुरुस्तीही जास्त. गाड्या वाढल्या, लाईन मिरजेपर्यंत लांबली, तेव्हा कंपनीनं १९३० च्या सुमाराला कुर्डुवाडीत हा कारखाना उभा केला. इंजिन, प्रवासी डबे, मालडबे, सगळ्यांची मोठी दुरुस्ती तिथं.

मी लहानपणी तात्यांचा डबा घेऊन दोन-चार वेळा आत गेलो, बाकी सगळं त्यांच्या तोंडून ऐकलेलं. वाफेच्या इंजिनाचं दुखणं बहुतेक पाण्याचं. आमच्या भागातलं पाणी जड. घरातल्या बंबाला आतून जसा पांढरा थर धरतो तसा तो बॉयलरला धरायचा. थर धरला की उष्णता पाण्यापर्यंत जात नाही, कोळसा जास्त लागतो आणि पत्रा मात्र तापून खराब होतो. म्हणून ठरलेल्या दिवसांनी बॉयलर थंड करायचा, झाकणं खोलायची, पाण्याच्या जोरानं धुवायचा आणि सळईनं खरवडायचा. बॉयलरच्या आतल्या नळ्या गळायला लागल्या की काढून नव्या ठोकायच्या.

विस्तवाची पेटी आणि तिच्या बाहेरचं कवच यांच्यामध्ये पाणी असतं, आणि ती दोन्ही धरून ठेवायला शेकडो आडवे बोल्ट. त्यांना स्टे म्हणत. त्यातला एखादा आत तुटला तरी बाहेरून दिसत नाही. मग हातोडीनं एकेकाला टिचकी मारत जायचं. धडका असला तर खणखणीत वाजतो, तुटला असला तर बद्द. बाजारात बाई मडकं घेताना वाजवून बघते, तेच. गंमत अशी की बॉयलरवर काम करणारा माणूस त्या ठोकाठोकीनं पुढं पुढं बहिरा होतो. तात्यांना घरात चार हाका मारल्या तरी ओ मिळायची नाही. पण बद्द वाजलेला स्टे ते सोडत नसत. म्हणायचे, "ते कानानं न्हाय, मनगटानं कळतं."

विस्तवाच्या पेटीच्या माथ्याला एक शिशाची गुडदी असते. ड्रायव्हरच्या नजरचुकीनं बॉयलरमधलं पाणी कमी झालं आणि माथा उघडा पडला, तर आधी ते शिसं वितळतं आणि वाफ खाली विस्तवावर येते. बॉयलर फुटायच्या आधी एवढीशी गुडदी मरते. दुरुस्तीत ती नवी घालायची, आणि घालणाऱ्यानं मन लावून घालायची, कारण तिच्यावर दोन माणसांचा जीव असतो.

मला सगळ्यात जवळचं वाटलं ते चाकाचं काम. इंजिनाचं चाक आपण समजतो तसं एकसंध नसतं. त्याच्यावर पोलादाची धाव असते, अगदी आपल्या बैलगाडीसारखी. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, तापवतात, ती फुगते, मग चाक तिच्यात बसवतात आणि गार झाली की ती चाकाला आवळून धरते. आमच्या गावचा लोहार गोवऱ्यांच्या आरात हेच करायचा. फरक एकच. लोहार धाव बसली की पाणी ओततो, कारखान्यात ती आपली आपण सावकाश निवू देत. कडक पोलादाला एकदम पाणी लागलं तर चीर जाते. तात्यांनी हे सांगितल्यावर गावचा लोहार लई वेळ विचार करत बसला होता. दोघांची ही एकच जात आहे, असं तात्या म्हणायचे, आणि जात म्हणजे त्यांना विद्या म्हणायची होती.

विलायतेहून सामान येणं बंद झाल्यावर मोडलेला भाग इथंच करायचा. आधी लाकडाचा नमुना. तो करणारा सुतार लोखंड गार होताना किती आकसतं ते धरूनच नमुना मोठा ठेवायचा. मग वाळूचा साचा, मग ओतकाम, मग लेथवर कातून मापाला आणायचं. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं कंपनी विकत घेतली आणि बार्शी लाईट मध्य रेल्वेत गेली. मालक बदलला, पण हातोडी तीच राहिली.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा. विहिरीला तळ दिसला, दावणीची चार जनावरं विकली. आई आणि चुलती खडी फोडायला जायच्या. त्या सालात आमच्या घरात चूल पेटत राहिली ती तात्यांच्या पगारावर. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ते छोट्या गाडीनं यायचे, आणि आजी पैसे आधी देवापुढं ठेवायची, मग मोजायची. दहावीनंतर मलाही तिथंच चिकटवायचं त्यांच्या मनात होतं. पण वडील अचानक गेले आणि मी रानात राहिलो.

पुढं वाफ गेली, डिझेल आलं. मग रुंदीकरण आलं. पंढरपूरकडची लाईन आधी रुंद झाली, २००८ पर्यंत लातूरची झाली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत मिरजेचीही. मी त्याला वाईट म्हणणार नाही. टपावर बसून आषाढीला गेलेली माणसं आता डब्यात बसून जातात, लातूरचा माणूस एका गाडीत मुंबईला पोचतो. छोट्या गाडीसाठी उसासे टाकणारे बहुतेक जण त्या गाडीनं कधी रोज गेलेले नसतात. इंग्लंडात याच कॅलथ्रॉपच्या हातची एक अडीच फुटी रेल्वे १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंदसुद्धा पडली. आपली शंभर वर्षं चालली, ती कारखान्यानं चालवली.

म्हणून जतनाचं बोलणं निघतं तेव्हा मला वेगळं वाटतं. जतन म्हणजे एक जुनं इंजिन रंगवून स्टेशनापुढं चौथऱ्यावर ठेवायचं, अशी आपली समजूत. पोरं त्यावर चढून फोटो काढतात, पावसानं खालून पत्रा सडतो, दोन वर्षांनी परत रंग. त्या इंजिनाला दुखलं खुपलं बघणारा कुणी नसतो. हरयाणात रेवाडीला १८९३ चं वाफेच्या इंजिनांचं शेड आहे. ते पडायला आलं होतं, ते नीट करून २०१० ला लोकांना बघायला खुलं केलं आणि तिथं इंजिनं पेटवतात. तिथंच फेअरी क्वीन आहे, १८५५ चं, तेही किटसनच्याच कारखान्यातलं. दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेला १९९९ ला युनेस्कोनं जागतिक वारशाचा मान दिला. तिचा तिनधारियाचा कारखाना डोंगरात आहे, आणि तिथं शंभरी पार केलेल्या इंजिनांना माणसं अजून हात लावतात, म्हणून ती चढ चढतात.

कुर्डुवाडीचा कारखानाही मेलेला नाही. मोठ्या लाईनीचं काम तिथं आलं, आणि माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे मोठ्या दुरुस्तीला अजून तिकडंच येतात. म्हणजे अरुंद डब्याचं माप ज्याच्या हाताला ठाऊक आहे असा माणूस तिथं अजून लागतो. हे टिकलं पाहिजे. त्याच्या जोडीला जुने लाकडी नमुने, जुने लेथ, कुठल्या इंजिनाला कधी काय केलं त्याची बुकं, जे काही उरलं असेल ते भंगारात जायच्या आत एका छपराखाली आणावं. भंगारवाला लाकडी नमुन्याला सरपणाचा भाव देतो, हे मी बाजारात डोळ्यांनी बघितलं आहे.

आणि आमच्या भागातल्या शिक्षकांनी एक करावं. वाफेवर काम केलेली माणसं आता ऐंशीच्या पुढं गेली. कुणी पारावर बसतो, कुणी अंथरुणाला खिळलाय. त्यांच्याकडं जाऊन विचारावं, स्टे कसा वाजायचा, धाव किती तापली की लाल म्हणायची. मोठ्यानं विचारावं मात्र. बॉयलरवाल्यांना कमी ऐकू येतं.