हवाग्रहण यंत्रणा, ट्रकची

ट्रकच्या डीझेल एंजिनाला गाळलेली, थंड व पुरेशी हवा पुरवणारी यंत्रणा. जुन्या ट्रकमध्ये ऑइल-बाथ गाळणी असे; पुढे घडीच्या कागदाची गाळणी रूढ झाली. एंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले (पहा : टर्बोचार्जर). त्यात दाबून तापलेली हवा इंटरकूलरमध्ये निवून दाट होते. १ किग्रॅ. डीझेलच्या पूर्ण ज्वलनास सु. १४.५ किग्रॅ. हवा लागते. गाळणी तुंबल्यास काळा धूर येतो व ओढ घटते. हवा नेणाऱ्या होजचा क्लॅम्प सैल असल्यास धूळ शिरून लायनर, पिस्टन-रिंगा झिजतात. इंधनपुरवठा तोच ठेवून नुसती मोठी गाळणी बसवल्यास शक्ती फारशी वाढत नाही. दादरा व नगर हवेलीत रेल्वेमार्ग नसल्याने मसाट औद्योगिक क्षेत्राची मालवाहतूक ट्रकवर अवलंबून असून तेथे या यंत्रणेच्या देखभालीस महत्त्व आहे (पहा : डीझेल एंजिन).