महदाइसेचे प्रश्न

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, देवगिरीवर यादवांचे राज्य असताना, गोदावरीकाठच्या गावांतून श्रीचक्रधरस्वामींचा शिष्यपरिवार हिंडत असे. त्यात महदंबा नावाच्या एक बाई होत्या. सगळे त्यांना महदाइसा म्हणत. त्या बालविधवा होत्या आणि पंथाचे पुढचे आचार्य नागदेव यांच्या चुलत बहीण. लग्नप्रसंगी गायचे ‘धवळे’ त्यांनी रचले, म्हणून मराठीची आद्य कवयित्री हा मान त्यांना दिला जातो. परंतु त्यांच्या काळी त्यांची ओळख आणखी एका कारणाने होती. एखादी गोष्ट समजली नाही, की त्या विचारीत, आणि उत्तराने समाधान झाले नाही तर पुन्हा विचारीत. ही म्हातारी जिज्ञासू आहे, सदा काहीतरी विचारीतच असते, असे स्वामींनी म्हटल्याचे ‘लीळाचरित्रा’त नोंदले आहे. ती तक्रार नव्हे, कौतुक आहे.

या कौतुकाचे मोल कळण्यासाठी तो काळ ध्यानात घ्यावा लागेल. धर्माचे ज्ञान संस्कृतात होते आणि वेदांचे दार स्त्रियांना व शूद्रांना बंद होते. शंका मनात आली तरी ती कोणत्या भाषेत आणि कोणापुढे मांडायची? चक्रधरांनी ही अडचण साध्या उपायाने दूर केली. ते मराठीत बोलले. परंपरेनुसार त्यांचा जन्म गुजरातेतल्या भडोचचा, म्हणजे मराठी ही त्यांची जन्मभाषा नव्हे. समोरच्यांना विचारता यावे, अशी भाषा त्यांनी निवडली. परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांना हे मुद्दाम सांगावे: मराठी गद्याचा पाया ज्यांच्या बोलण्यावर उभा आहे, ते बाहेरून येऊन मराठी झाले होते.

चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभट या विद्वान शिष्याने त्यांच्या आठवणी जमवायला घेतल्या. ज्यांनी जे पाहिले, ऐकले, ते त्यांच्याकडे जाऊन विचारायचे आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानला जातो. त्यात तत्त्वज्ञान आहे, तसेच जेवणखाण, वाटा, गावे आणि माणसांचे रुसवेफुगवेही आहेत. कुणीतरी काही ‘पुसिले’ आणि स्वामींनी उत्तर दिले, असा त्यातल्या कितीतरी लीळांचा घाट आहे. (त्या काळी ‘पुसणे’ म्हणजे विचारणे. आपल्या ‘विचारपूस’ या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे.) प्रश्न झाले नसते, तर या ग्रंथाचा मोठा भाग झालाच नसता.

नागदेवाचार्यांची एक हकीकत ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आहे. संस्कृत जाणणाऱ्या शिष्यांनी त्यांना एकदा संस्कृतात प्रश्न केला. तुमची ही भाषा मला कळत नाही, स्वामींनी मला मराठीत सांगितले आहे, तुम्हीही मराठीतच विचारा, असे आचार्यांनी त्यांना स्पष्ट सांगितले. पंथाच्या प्रमुखाने पंडितांसमोर ‘मला कळत नाही’ असे म्हणण्यात कमीपणा मानला नाही. पुढे केसोबासांनी संस्कृतात रचना सुरू केली, तेव्हाही आचार्यांनी त्यांना थांबवले. पंथातल्या म्हाताऱ्या त्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. महदाइसेसारख्यांना विचारता आले पाहिजे, हा विचार त्यामागे स्पष्ट दिसतो.

आता आपल्या घरांकडे वळू. नरकचतुर्दशीला कारीट का फोडायचे, असे नातवंड विचारते. ‘करतात म्हणून करायचे’, हे आपले ठरलेले उत्तर. किंवा त्याने ‘तो’च्या जागी ‘ते’ म्हटले म्हणून आपण आधी हसतो. दोन-तीनदा असे झाले की मूल विचारायचे थांबते, आणि त्याला रस नाही असा निष्कर्ष आपण काढतो. दुसऱ्या बाजूला आपण आजी-आजोबा डॉक्टरांसमोर मान डोलावतो आणि गोळी जेवणाआधी की नंतर, हे न विचारताच घरी येतो. एकाला मराठी चुकण्याची लाज, दुसऱ्याला इंग्रजी चुकण्याची. गप्प दोघेही, आणि नुकसान दोघांचे.

भाषा टिकवायची म्हणून आपण स्पर्धा घेतो, नाटके बसवतो. ते करावेच. पण जी भाषा केवळ रंगमंचावर बोलायची असते आणि जिच्यात शंका विचारायची सोय नसते, ती पुढच्या पिढीत उतरत नाही. यंदा कारिटाचा प्रश्न आला, तर तो मोडक्या मराठीत असला तरी पूर्ण ऐकावा. नरकासुराची गोष्ट ठाऊक असेल तर सांगावी. नसेल तर ‘मला ठाऊक नाही’ म्हणावे, आणि गावाकडच्या एखाद्या आत्याला फोन लावून तिला दोघांनी मिळून विचारावे.